हजर, बाई

“आवाज गेला म्हणजे? आजच जायचा होता त्याला?” वर्गशिक्षिका बाई जिन्यातच थबकल्या.

शिपाईमामांनी गळ्याकडं बोट दाखवलं. तोंडातून नुसती हवा आली. तालमीचा परिणाम, दुसरं काय! गेला आठवडाभर मामा दहावीच्या वर्गामागं बसून तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांत ‘हजर’ म्हणायचा सराव करत होते. वर्गात खरी हजर असायची एकच मुलगी, आणि तीही मामांचीच. बाकीची पोरं टाय लावून शहरातल्या खासगी शाळेत पळाली होती. इथं त्यांची नावं तेवढी उरली होती. पट कमी दिसला की शाळेला टाळं आणि मामांची पोरगी घरी.

तपासणीच्या साहेबांचे गुडघे कायम संपावर. जिना न चढता ते खालच्या ऑफिसात बसून स्पीकरवर हजेरी ऐकायचे. सगळा बेत त्या गुडघ्यांवर उभा होता.

“करा सुरू, बाई,” वर्गातल्या भिंतीवरून साहेबांचा आवाज आला.

बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि मग बेकरीवालीच्या धाकट्याचं.

“हजर, बाई.”

बाईंनी मामांकडं बघितलं. मामांनी जोरजोरात मान हलवली. त्यांच्या तोंडात खोकल्याची गोळी होती.

पुढचं नाव. हजर. त्याच्या पुढचं. हजर. रिकाम्या बाकांवरून येत होते आवाज. कुणाचा नाकातला, कुणाचा नुकता फुटलेला. एकानं तर जांभई देत उत्तर दिलं.

“पप्पा,” मुलगी कुजबुजली, “आत्ताचा माझ्या शेजारून आला.”

साहेब रंगात आले. “सांगा बरं, पाण्याचं सूत्र काय?”

“एच टू ओ!” अख्खा वर्ग एका सुरात.

बाईंना घेरी आली ती इथं. ही पोरं समोर बसायची, तेव्हा एकाला धड उत्तर आलं असेल तर शपथ!

“निकाल झकास लागणार तुमचा!” साहेबांनी शिक्का मारला, उरलेली बिस्किटं खिशात टाकली आणि गेले. शाळा वाचली.

संध्याकाळी शहरातल्या शाळेची बस आली. एरवी ती पोरं उतरली की कुत्रीसुद्धा गल्ली सोडायची. आज नुसते बूट वाजले.

“काय रे, जीभ शाळेत विसरलास का?” बेकरीवालीनं धाकट्याला हटकलं.

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. मग तो रडायला लागला, तेही आवाजाशिवाय.

मामा समोरच उभे होते. घरी जाऊन जेवले नाहीत.

“शाळा वाचली ना? मग तोंड का पाडलंय?” बायको म्हणाली.

मामांना बोलता आलं असतं तरी काय सांगणार? गप्प बसलं तर पोरगी शिकत होती. खरं सांगितलं तर बिंग फुटून शाळा जात होती.

सकाळी ते बेकरीच्या दारात गेले आणि हातानंच ‘चला’ म्हणाले.

“त्या शाळेत कबुतरं शिकतात,” असं गावभर सांगत फिरणारी बेकरीवाली धाकट्याचा हात धरून निमूट जिना चढली. मागून बाकीच्या आया, त्यांची मुकी पोरं. सगळी दाराबाहेर दाटीवाटीनं उभी राहिली. आत यायला कुणी तयार होईना.

बाईंनी मामांकडं बघितलं. मामांनी मान डोलावली. बाईंनी धाकट्याचं नाव घेतलं.

“हजर, बाई,” रिकामा बाक म्हणाला.

धाकटा दारात ओठ मिटून उभा होता. बेकरीवालीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा बाकाकडं. पदरानं तोंड पुसलं.

“बाई,” ती म्हणाली, “परत एकदा घ्या ना त्याचं नाव.”