ओढ्यापलीकडचा नळ

करमाडजवळच्या त्या गावात ग्रामपंचायतीची बैठक बसली, तेव्हा सारजाबाईचं डोकं आधीच तापलेलं होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीला नळ द्यायचा की नाही, एवढाच विषय. तिची लेक चतुराबाई त्याच वस्तीत नांदत होती. दिवस भरत आलेली पोर डोक्यावर हंडा घेऊन ओढा चढत-उतरत होती, अन् इथं बाकीची सदस्य मंडळी चहा फुंकून फुंकून पीत होती.

सरपंच नानासाहेबांनी हात जोडले. "काकू, नळ देता येत नाय. निजाम गेल्यावर पहिली पंचायत बसली, तवाच थोरल्यांनी खंडोबापुढं बेलभंडार उचललाय. गावविहिरीचं पाणी ओढा ओलांडणार नाय. पुढच्या कोणत्याच पंचायतीनं हे मोडायचं नाय."

"कशापायी?"

"बांधाचं भांडण होतं म्हणं. नीट कोणाला ठावं नाय."

"भांडण इसरले, अन् शपथ तेवढी पाठ!"

"तुमचे सासरेच म्होरं होते," सदस्य बद्रीनाथ मधेच बोलला. "घराण्याची शपथ सुनंलाबी लागू."

"सासरे जेवले म्हणून माझं पोट भरत होतं व्हय रं? मेलेल्यांनीच पंचायत चालवायची, तर आमाला मतं मागत दारोदार कशाला हिंडवलं? मसणवट्यातच पेटी ठेवायची!"

शेजारी बसलेल्या सदस्य जैतुनबीनं पदराआड हसू दाबलं. "हमारे ससरे ने तो भंडार उचललाच नव्हता. मी मोकळी."

"मोकळ्याच हाओत सगळ्या. करा हात वर!" सारजाबाई गरजली.

सारजाबाईसकट चार बायांचे हात वर गेले. पाचवी सदस्य साळूबाई, बद्रीनाथची भावजय. दीर डोळे वटारत होता, तिचा हात मांडीवरून हलेना. सारजाबाईच्या तोंडाशी शिवी आली, ती तिनं गिळली.

"साळे, हात तुझा हाय. त्याचा नाय, अन् माझाबी नाय."

साळूबाईनं मान खाली घातली. पण हात वर केला. पाच विरुद्ध चार.

"आता लिहून टाका," जैतुनबी म्हणाली, "हा ठराव कधीच कोणी बदलायचा नाय."

सारजाबाईला मोह पडला. त्या चौघांची पडलेली तोंडं बघून तर जास्तच. मग ती एकदम उसळली.

"म्हंजी आपूणबी मेल्यावर बोलतच ऱ्हायचं? उद्याच्या पोरींना अक्कल नसंल व्हय? नको वाटला तर उपटतील नळ, आपल्याला शिव्या देतील. देऊ दे!"

ती नानासाहेबांकडं वळली.

"फिटरला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."