पुलाखालचे चार सेंटिमीटर

मोजणीदार काका नकाशाची प्रत घेऊन आले तेच तणतणत. "बाई, रेल्वेपुलाखाली मी चार मीटर सव्वीस मोजलं होतं. तुमच्या नकाशावर चार पॉइंट तीन कुठून उगवलं?"

नकाशे करणाऱ्या ताईने आधी मनातल्या मनात नाक मुरडलं. काकांना दर आठवड्याला काहीतरी खुपायचंच. तरी तिने पुलावर क्लिक केलं. तक्त्यात ४.२६, लेबलवर ४.३.

करामत तिचीच होती. गेल्या महिन्यात साहेब म्हणाले होते, "आकड्यांना एवढ्या शेपट्या कशाला? गर्दी होते. पॉइंटनंतर एकच ठेवा." तिने लेबलच्या खिडकीत एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली, round लावलं, आणि तीनशे बारा पुलांचे आकडे एका झटक्यात आटोपशीर झाले. दिवसभर ती स्वतःवर खूश होती. राउंड जवळच्या आकड्याकडे जातं, मग तो वर असो की खाली, हे शाळेतलं पोरही सांगेल. पुलाखालची उंची वर न्यायची नसते, एवढंच तिला त्या दिवशी सुचलं नाही. नकाशे छापून मालवाहू गाड्यांच्या चालकांना वाटूनही झाले होते.

चालकांपैकी एक तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर त्याला ही नोकरी लागली होती. आज सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला होता, "ताई, आज रेल्वेपुलाखालून पाण्याची टाकी न्यायचीय. जमिनीपासून चार मीटर अठ्ठावीस. तुझ्या नकाशात चार पॉइंट तीन आहे, म्हणजे दोन सेंटिमीटर वर शिल्लक!" आणि ती आरशात बघत म्हणाली होती, "बरं बरं, निघ आता, उशीर होतोय."

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो उचलणार नव्हताच; गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, अशी शपथ तिनेच त्याला घातली होती. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने स्क्रिप्टची ओळ खोडली आणि round च्या जागी floor लिहिलं: आकडा खालीच उतरेल, वर कधी नाही, आणि पॉइंटनंतर दोन घरं राहतील. लेबल बदललं. ४.२६. रस्ता आणि पूल यांच्यामधल्या जागेत ते आरामात बसलं होतं. मावत होतं की मेलं! तिला रडूच आलं.

"कुठे निघालात?" काकांनी विचारलं.

"पुलाकडे." दोन्ही लेबलांची प्रत तिने प्रिंटरमधून जवळजवळ ओढूनच काढली.

रिक्षा तिला गोगलगायीसारखी वाटली. वळणावरूनच तुंबलेली वाहनं दिसली आणि ती उतरून पळत सुटली.

गाडी पुलाखाली अडकली होती. टाकीचा माथा सोलून निघाला होता. धाकटा धडधाकट, फुटपाथवर उभा. समोर गाडीमालक तोंडाला येईल ते बोलत होता. "मोजायला काय झालं होतं तुला? चावी दे इकडे. उद्यापासून येऊ नकोस!"

"चुकलो, साहेब. मोजलंच नाही मी," चावी पुढे करत धाकटा खाली मान घालून म्हणाला.

तिला पाहताच तो बाजूला आला. "ताई, तू कशाला आलीस? घरी जा. तुझं नाव काढलेलं नाही मी."

"पण तू तर प्रत्येक पुलाखाली बांबू लावून उंची बघतोस ना रे?"

"बघतो की. बांबू गाडीतच आहे." तो कसनुसा हसला. "पण नकाशा तुझा होता ना."

तिने कागदाची घडी उलगडली आणि मालकाकडे निघाली. धाकट्याने तिचा दंड धरला. "ताई, अगं तुझी नोकरी जाईल!"

तिने दंड सोडवून घेतला.

"चावी त्याला परत द्या," ती मालकाला म्हणाली. "हा चार पॉइंट तीन मी लिहिलाय."