दोन पॉइंट तीन

एका मार्काने! माझ्या भाचीला एका मार्काने नापास केलं त्यांनी. पास व्हायला चाळीस हवेत, हिला एकोणचाळीस. तांत्रिक संस्थेची प्रवेश परीक्षा, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी.

उन्हाने रूळ किती लांबेल, दोन रुळांमध्ये फट किती ठेवायची, सगळं पोरीने अचूक सोडवलेलं. मार्क गेला तो टायरच्या गणितात. टायरच्या! जी सहा वर्षं माझ्या दुकानात टायरमध्ये हवा भरतेय, तिचा!

गणित असं: सत्तावीस अंशाला टायरला लावलेलं हवेचा दाब मोजायचं गेज दोन बार दाखवतं. टायर सत्तावन्न अंशांपर्यंत तापला, पण फुगला नाही, तर गेज किती दाखवेल? त्यांच्या छापील सूचीत उत्तर दोन पॉइंट दोन. हिने लिहिलं दोन पॉइंट तीन.

दुकान बंद ठेवून आम्ही दोघी गेज घेऊन परीक्षकांच्या खोलीत गेलो.

"बाई, तुम्ही पंक्चर काढता," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "हे भौतिकशास्त्र आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीने माझा हात दाबला आणि गेज टेबलावर ठेवलं.

"सर, हे आत्ता किती दाखवतंय?"

"शून्य."

"मग या खोलीत हवाच नाही का?"

साहेबांनी गेज उचलून काट्याकडे पुन्हा पाहिलं.

"बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब तेवढा गेज दाखवतं," ती म्हणाली. "बाहेरचा एक बार मिळवला की दोनाचे तीन होतात. सत्तावीस अंश म्हणजे तीनशे केल्विन, त्याचे झाले तीनशे तीस, म्हणून तिनाचे तीन पॉइंट तीन. त्यातून बाहेरचा एक परत वजा केला, उरले दोन पॉइंट तीन."

त्यांनी मनात हिशेब केला. मला दिसलं ना, ओठ हलत होते!

"तुझं बरोबर असेलही," ते म्हणाले. "पण यादी लागली. आता सगळे पेपर पुन्हा तपासत बसू?"

"सगळे नको, माझा तपासा."

"नियमात बसत नाही."

काय पण नियम! चूक छापणारा मोकळा, आणि बरोबर लिहिणारी घरी. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं.

भाचीने त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला, पाच ओळींत सगळं गणित मांडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"कुठली ओळ चुकली, तिथे फुली मारा, सर. मग मी जाते."

त्यांनी लाल पेन उघडलं. पहिल्या ओळीपासून पाचवीपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण पेन काही कागदाला टेकलं नाही. शेवटी त्यांनी टोपण लावलं आणि कागद तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही.

"तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "मला येतं ते."