काळी पाचचा भोंगा

धुळ्याहून शिंदखेड्यास जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा चालक अभिमन हा देवपुरात राहणारा, पंचविशीचा, आपल्या व्यवसायावर पुजाऱ्यासारखी निष्ठा असलेला गृहस्थ होता. प्रातःकाळी स्नान झाले की मोटारीला हळदकुंकू वाहिल्याखेरीज तो चहाला शिवत नसे. पण त्या लक्ष्मीत एक व्यंग होते. तिचा पितळी भोंगा दिसायला मोठा डौलदार. मात्र मागचा रबरी फुगा दाबताच त्यातून म्हशीच्या भुकेल्या पारडाचे रेकणे बाहेर पडे.

त्यातून त्याची सासुरवाडी पिंपरखेडे नेमकी याच रस्त्यावर. मोटार वेशीशी आली की पोरी ओरडत, "पारडू उनं व माय!"

एकोणीसशे एकोणतीस सालची आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली. पत्नी सुगंधाबाई रीतीप्रमाणे माहेरी निघाली, आणि निघताना तिने अभिमनला बजावले. सण झाल्यावर तो न्यायला येईल तेव्हा झोक्यावरच्या साऱ्या मैत्रिणी पाहत असतील. भोंगा तेव्हाही असाच रेकला, तर ती मोटारीत पाऊल ठेवणार नाही. पुढे कधी कोणाची बैलगाडी मिळेल तेव्हा सावकाश येईल.

अभिमनने भोंगा उतरवून घेतला आणि पांझरेकाठी बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या रुपचंदनानांपुढे ठेवला.

"नाना, याला माणसात आणा."

नानांनी फुगा एकदा दाबला आणि डोळे मिटून घेतले. "अभिमन, याला चारा घालतोस ना वेळेवर?"

मग त्यांनी आतली पितळी पट्टी काढली. जिभेएवढी ती, आणि सारा आवाज तिच्या थरथरण्याचा. बारीक कानशीने ते तिचे टोक घासत, फुंकून पाहत, पेटीवर काळी पाचचा सूर वाजवून पडताळत आणि पुन्हा घासत. तिसऱ्या प्रहरी दोन्ही सूर एक झाले.

"आता हात लावू नकोस," नाना म्हणाले. "टोक हलके झाले म्हणून सूर चढला. कधी उतरवावासा वाटला तर टोकावर मेणाचा थेंब पुरे."

"उतरवायचा कशाला, नाना?" अभिमन हसला.

पुढचे तीन दिवस तो पिंपरखेड्यावरून भोंगा वाजवीत असा गेला, जणू कीर्तनाला निघाला आहे. पोरींची तोंडे बंद झाली. दारात उभी सुगंधाबाई पदराआड हसत होती, हे त्याने धावत्या मोटारीतूनही टिपले.

चौथ्या दिवशी, सण आटोपल्यावर, तो तिला न्यायला उतरला. सासूबाई भागाबाई अंगणात रिकामी चरवी घेऊन उभ्या होत्या.

"जवाईबापू, भोंगाले काय करं तुम्ही? तीन दिन व्हयनात, मनी म्हैस थेंब देत नही!"

तेव्हा कुठे अभिमनला सारे उमगले. माघात म्हशीचे पारडू गेले होते. कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवले, तरी ती फसली नव्हती. पण सकाळ-संध्याकाळ जावयाची मोटार रेकत जाई आणि म्हशीला पान्हा फुटे. भागाबाई मोटारीच्या वेळेलाच दोहायला बसू लागल्या. जावयाच्या भोंग्याला पारडू म्हणणे सासूला शोभणारे नव्हते, म्हणून त्या मुकाट राहिल्या होत्या. आता मात्र त्यांचा निरुपाय झाला होता.

"पहिला आवाज द्या," त्या म्हणाल्या, "मंग पोर लई जा."

मोटारीतून चिंधाआबा नावाच्या वृद्ध उतारूने डोके बाहेर काढले. "अभिमन, मोटार चालावस का म्हशी दोहस रे?"

चिंचेखालचा झोका थांबला होता. पोरी ओठ दाबून उभ्या होत्या. अभिमनने गाठोडे घेऊन दारात उभ्या असलेल्या पत्नीकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. जुना सूर दिला तर पत्नी मोटारीत बसणार नाही. न दिला तर सासू तिला धाडणार नाही. गोठ्यात म्हैस दाव्याला ओढ देत मान वळवून रस्त्याकडे बघत होती. अभिमन क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने पेचकस काढला आणि भोंग्याचा गळा उघडला.

"मामी, घरात मेण आहे का?"

मेण नव्हते. भागाबाई शेजारी विचारायला निघणार, तोच सुगंधाबाई खाली बसली. गाठोडे सोडून तिने कुंकवाची डबी काढली. कुंकू टिकण्यासाठी कपाळी आधी लावतात ते मेण तिने नखाने उकरले.

"माय, हाई दे त्यासले," ती मान खाली घालूनच म्हणाली.

लालसर मेणाचा थेंब पट्टीच्या टोकाला बसला. अभिमनने डोळे मिटून फुगा दाबला. पारडू रेकले! झोक्यावरून हास्याचा लोंढा आला, गोठ्यातून म्हशीने उत्तर दिले आणि भागाबाई चरवी घेऊन धावल्या. थोड्याच वेळात दुधाच्या धारांचा आवाज ऐकू येऊ लागला.

अभिमन आपल्या जागी येऊन बसला, पण पत्नीकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही. गाठोडे आत पडले. बांगड्या वाजल्या. सुगंधाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.

मोटार चिंचेपाशी आली. पोरी ओरडण्यासाठी तोंड उघडतात न उघडतात, तोच बांगड्यांचा एक हात पुढे आला आणि त्याने फुगा दाबला. एकदा नव्हे, तीनदा.