दगडापेक्षा हलका

बेडूक पाटावर बसला, पाट धपकन जमिनीला टेकला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा दगड झर्रकन वर गेला. आम्हा सगळ्यांना हसू आवरेना.

"हसा!" बेडूक म्हणाला. "दात दाखवा! दगडच झिजलाय मेला."

"दगड तेवढाच आहे, दाजी," त्याचा मेहुणा हळूच म्हणाला. "तुम्ही वाढलात."

विहिरींचा गाळ काढणं हा आमच्या टोळीचा धंदा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की एकजण दोराला बांधलेल्या पाटावर बसून खाली उतरतो, गाळ बादलीत भरतो, आणि आम्ही चौघं वरून ओढतो. उतरणाऱ्याची परीक्षा कामाला लागायच्या आधी होते. झाडाच्या फांदीला कप्पी लावायची, एका टोकाला हा दगड, दुसऱ्या टोकाला माणूस. दगड जमिनीवरून हलला, तर त्या माणसाला विहीर बंद. कारण तेवढाच भार आमच्या दंडांना आणि त्या दोराला झेपतो. यात कुणाची भीडभाड चालत नाही.

बेडूक कळत्या वयापासून खाली उतरायचा, म्हणून तर त्याला बेडूक म्हणायचे. जन्मभर एवढ्या खोल विहिरींत शिरला, कुठे साधं खरचटलं नाही, आणि पडला कुठे? स्वतःच्या घराच्या पायरीवर. म्हशीचं पाण्याचं घमेलं वाकून उचलायला गेला आणि कंबर धरून जो खाली बसला, तो त्याला उठवायला आम्हालाच जावं लागलं. हाड मोडलं नव्हतं, पण पाठ पार कामातून गेली.

मग काय, खाट आली. आणि खाटेमागून सगळं गाव आलं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही. कुणी साय आणली, कुणी गोडाचा डबा. बेडूक पडल्या पडल्या पायरीची गोष्ट सांगायचा, आणि प्रत्येक वेळी पायरी थोडी उंच व्हायची. पाहुणे हळहळायचे आणि डबा पुढे सरकवायचे. दुखणं ओसरलं, पण बेडूक काही खाटेवरून उतरेना. पोट मात्र उतू गेलं.

त्यात आता दगड वर गेलेला. टोळीनं तिथेच ठरवलं की मोठी विहीर उपसायला घेईपर्यंत बेडकाला मुदत द्यायची. तोवर वजन उतरलं तर उत्तम, नाही तर खाली मेहुणा जाईल. मेहुणा काठीसारखा सडपातळ. तेव्हापासून तो टोळीत छाती काढून फिरायला लागला.

बेडूक घरी तोंड पाडून बसला. त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी वाकवून, वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "पडून राहणं आधी बंद. रोज चाला. पाठीचे व्यायाम दाखवते, तेवढे करा. ताटात निम्मं वाढून घ्या. आणि वजन उचलायचं नाही, कमरेतून वाकायचं तर अजिबात नाही."

बेडूक चालायला लागला. सकाळ-संध्याकाळ गावभर. आम्हाला कौतुक वाटलं. पण आठवडाभरानं पाहतो तर सदरा आणखी ताणलेला! वहिनीनं कपाळावर हात मारला.

"भावोजी," ती मला म्हणाली, "घरात अर्धपोटी ठेवते मी ह्यांना. मग हे वाढतायत कशानं? हवा खाऊन?"

मी दुसऱ्या दिवशी मागोमाग गेलो. तेव्हा उलगडा झाला. गावातून चालायचं म्हणजे दारांवरून चालायचं. "अरे, चालायला लागलास! ये, टेक जरा!" असं कुंभारीण म्हणाली, तिथे दुधाचा पेला. पुढे शिंप्याकडे गोड. त्याच्यापुढे सुतार वाटच बघत बसलेला. नाही म्हणावं तर लोकांना राग येतो, आणि बेडूक कुणाला राग येऊ देणारा माणूस नव्हता.

वहिनीला सांगितलं मात्र, ती एकदम कामाला लागली. भरदुपारी खाटेची विणलेली दोरी उकलली आणि त्याच दोरीनं म्हैस बांधून तिचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं.

"आजपासून गावातून नाही, रानातून चालायचं. हिला चारून आणायचं."

"आणि खाट?"

"रात्री विणीन."

"अगं, पण म्हैस मला ओढेल! पाठीचं काय?"

"तिला ओढायची कुठली घाई? ती तुमच्यासारखीच आहे. फक्त ती बसत नाही."

खरंच, ती म्हैस बसायची नाही. दोन घास इथे, चार तिथे, आणि बांधाबांधानं पुढे. बेडूक मागे. रानात कुणाचं दार नाही, कुणाचा पेला नाही. सुरुवातीला तो शिव्या देत घरी यायचा. मग म्हशीशी बोलायला लागला. मग एकदा मी बघितलं, म्हैस झाडाखाली चरतेय आणि हा गवतावर उताणा पडून, गुडघे दुमडून डॉक्टरीणबाईंचे व्यायाम करतोय. मला बघून म्हणाला, "हिच्यासमोर लाज वाटत नाही. गावात हसतात."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण हसणाऱ्यांत मी पहिला होतो.

मोठ्या विहिरीचा दिवस आला. सगळे झाडाखाली जमले. बेडूक पाटावर बसला, डोळे घट्ट मिटून. पाट जरा झुलला. दगड जागचा हलला नाही. आम्ही असा काही गलका केला की त्याच्याबरोबर आलेली म्हैस दूर पळाली.

पण बेडूक उठून उभा राहिला आणि पाट त्यानं मेहुण्यापुढे केला.

"बाईंनी वाकू नको म्हटलंय," तो म्हणाला. "गाळ वाकल्याशिवाय निघत नाही. तू जा."

वहिनी तोंड फिरवून उभी राहिली.

मेहुणा ऐटीत उतरला. मग खालून बारीक हाक आली.

"दाजी!"

"काय रे?"

"इथे फार अंधार आहे."

"विहीर आहे ती. अंधार असणारच."

"दाजी, तुम्ही पण या ना खाली! नुसते उभे राहा. गाळ मी काढतो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बेडकानं वहिनीकडे बघितलं. तिनं 'जा' म्हणून मान हलवली. पाट वर ओढला, बेडूक बसला आणि आम्ही त्याला सोडला खाली, अलगद, लोण्यासारखा.

मग तळातून त्याचा तो जुना आवाज घुमला. कितीतरी महिने ऐकला नव्हता.

"अरे गाढवा, असा कमरेतून काय वाकतोस! गुडघ्यात वाक! पाठ सरळ ठेव! बादली अंगाजवळ धर! जन्मभर खाटेवर पडायचंय का तुला?"

वहिनी काठावर बसून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"ऐकलंत ना भावोजी?" ती म्हणाली. "इतके दिवस मी हेच बोलत होते, तेव्हा म्हणे कटकट."