घर क्रमांक सतरा

कादंबरी वैद्यला प्रबंधासाठी चाळीस घरं हवी होती. तीन महिन्यांत नऊ मिळाली.

तिचा प्रश्न साधा होता. शहरात कुणी किरणोत्सर्गी पदार्थ आणला, सांडला किंवा स्फोटात उडवला, तर ते सगळ्यात आधी कुणाला कळेल? २००१ नंतर या प्रश्नावर अमेरिकाभर काम चाललं होतं आणि सुचवलेली उत्तरं सगळी अवजड होती: बंदरावरची यंत्रं, विमानतळावरच्या कमानी, खास गाड्या. कादंबरीचं म्हणणं वेगळं होतं. घराघरांतल्या खिडकीत साबणाच्या डबीएवढं, किरणोत्सर्ग मोजणारं एक यंत्र ठेवायचं, ते घरच्या कॉम्प्युटरला जोडायचं, आणि दर पाच मिनिटांनी त्याचं मोजमाप विद्यापीठात येऊ द्यायचं. पुढच्या काळात शहराची राखण अशी शहरात राहणाऱ्यांनीच करावी. त्यासाठी गणवेश नको, बंदूक नको. फक्त कॉम्प्युटर बंद करायचा नाही.

विद्यापीठाजवळच्या चँडलर गावच्या वाचनालयात तिने पत्रकं लावली. दोन चर्चमध्ये जाऊन बोलली. लोक आदराने ऐकत आणि सरकारी डबा घरात नको म्हणत. आत मायक्रोफोन आहे का, असं एका गृहस्थाने तिला तीनदा विचारलं.

"तू चुकीच्या लोकांना विचारतेस," रत्नाकाकू म्हणाल्या. रत्ना आणि विष्णू केतकर सात वर्षांपूर्वी पुण्याहून आले होते. विष्णूकाका चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि नागपूरहून एकटी आलेली कादंबरी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायची. "संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तीस-पस्तीस बायका येतील. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे लुटतो आपण. या वर्षी तुझे लुटू."

"काकू, हा रिसर्च आहे. फॉर्मवर सही लागते."

"मग घे ना सही. तिळगूळ उजव्या हातात देते, पेन डाव्यात."

जानेवारी २००४ मध्ये केतकरांच्या घरी एकतीस बायकांनी वाण म्हणून एकतीस यंत्रं नेली. रांगेत उभं राहून सगळ्यांनी फॉर्मवर सह्या केल्या. फॉर्म वाचला फक्त शरयूने. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती आणि वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिकाही शेवटच्या पानापर्यंत वाचायची. ती वाचत होती तेवढा वेळ मागची रांग थांबली. "अगं, घर लिहून देतेस का?" असं कुणीतरी ओरडलंसुद्धा.

या घरांतले नवरे, आणि कित्येक बायकाही, इंजिनिअर होते. कॉम्प्युटर कधी बंद होत नसत. वायर निघाली तर स्वतः जोडून कादंबरीला ईमेल करत. वाचनालयातल्या नऊ घरांपेक्षा या एकतीस घरांची मोजमापं जास्त सलग यायची.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी कादंबरीने घर क्रमांक सतराचा, म्हणजे केतकरांच्या घराचा, आलेख उघडला. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला रेघ एकदम वर गेली होती, नेहमीच्या तीसपट. दुसऱ्या कुठल्याच घरात काही नव्हतं. तिने वायर, तारीख, वेळ सगळं तपासलं आणि फोन लावला.

"काकू, काल संध्याकाळी घरात काही नवीन आलं का? जुनं घड्याळ, एखादा दगड, काही?"

"काही नाही गं. हे साडेपाचला ऑफिसातून आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. चहासुद्धा नको म्हणाले."

कादंबरीने आलेखावरची वेळ पुन्हा पाहिली. "काका आहेत का?"

काकांनी फोन घेतला आणि आवाज खाली आणला. छातीत दुखत होतं म्हणून ते गुपचूप हॉस्पिटलात जाऊन आले होते. हृदयाची तपासणी झाली होती. त्या तपासणीत नसेत किरणोत्सर्गी औषध टोचून फोटो काढतात, आणि ते औषध दोनेक दिवस अंगात राहतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे. काकूला सांगू नकोस."

काकू दुसऱ्या फोनवरून ऐकत होत्या. "एकोणतीस वर्षं संसार केला तुमच्याशी," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या पोटातलं मला त्या डबीकडून कळायचं!"

पुढचा महिनाभर चँडलरच्या मराठी घरांत हाच विनोद चालला. पण कादंबरीचे मार्गदर्शक प्रोफेसर लिंडक्विस्ट हसले नाहीत. एका सामान्य घरातल्या स्वस्त यंत्राने, कुणी न सांगता, एका माणसाच्या अंगातलं औषध ओळखलं होतं. कल्पना चालते, याचा हा पहिला पुरावा होता, आणि तोवरचा एकमेव. काकांची परवानगी घेऊन त्यांनी तो आलेख एका परिषदेत दाखवला. मार्च २००५ मध्ये वॉशिंग्टनहून मोठा निधी मंजूर झाला. प्रकल्पाला 'सिटिझन्स ग्रिड', म्हणजे नागरिकांचं जाळं, असं नाव मिळालं. गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक छापून आलं. मुखपृष्ठावर घर क्रमांक सतराचा आलेख होता.

निधीबरोबर अटी आल्या. त्या समजावून सांगायला प्रूइट नावाचे अधिकारी आले. पन्नाशीचे, नीट इस्त्री केलेल्या कपड्यांतले, आवाज न चढवता बोलणारे.

"यंत्रं फक्त अमेरिकन नागरिकांच्या घरी राहतील," ते म्हणाले. "बाकीची दहा दिवसांत परत घ्यायची. त्या घरांची जुनी मोजमापं विश्लेषणातून काढून टाकायची. संरक्षणाचा मामला आहे."

एकतीसपैकी सत्तावीस घरं व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर होती. चाळीस वजा सत्तावीस, तेरा उरली. तेरा घरांवर प्रबंध होत नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आणि मी?" कादंबरीने विचारलं. ती विद्यार्थी व्हिसावर होती.

प्रूइट यांनी लिंडक्विस्टकडे पाहिलं. लिंडक्विस्ट यांनी टेबलाकडे. "प्रकल्पातला तुझा प्रवेश एक तारखेपासून बंद होईल," प्रोफेसर म्हणाले. "मी तुला दुसरा विषय देतो. दीड-दोन वर्षांत होईल."

चार वर्षं झाली होती. यंत्राची जुळणी तिची, प्रोग्राम तिचा, घरं तिने मिळवलेली. ज्या खोलीत ती बसली होती तिची किल्लीही तिच्याकडे होती, ती एक तारखेला परत करायची होती.

"आणखी एक," प्रोफेसर म्हणाले. "यंत्रं तूच गोळा कर. त्या बायका तुला ओळखतात."

शनिवारी दुपारी ती केतकरांकडे गेली. काकूंनी दहाबारा जणींना बोलावून ठेवलं होतं. कादंबरीने झालं ते, काही न वाढवता सांगितलं.

"वाण परत घेतात?" काकू म्हणाल्या. "कुठल्या शास्त्रात?"

"वाणाचं सोडा काकू," नीला म्हणाली. ती गेल्याच वर्षी नागरिक झाली होती. "चौदा महिने आम्ही यांच्या शहराची राखण केली. तेव्हा कुणी पासपोर्ट विचारला नाही. बॉम्ब फुटला असता तर तो काय व्हिसा बघून फुटणार होता?"

"तुझं घर तर ठेवलंय त्यांनी," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून मी गप्प बसू? गेल्या वर्षापर्यंत मीही संशयितच होते की. शपथ घेतली आणि एका दुपारात शुद्ध झाले. तीच बाई, तीच खिडकी."

शरयू पर्समधून एक कागद काढत होती. "फॉर्मची माझी कॉपी," ती म्हणाली. "कलम सहा. सहभागी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते. तिने लेखी मागितलं तर तिची सगळी मोजमापं तिला परत द्यायची आणि प्रकल्पाच्या वापरातून काढून टाकायची. मोजमापं तिच्या मालकीची. ती कुणालाही देऊ शकते."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी आपल्याला काढायच्या आत आपण निघायचं. मोजमापं घेऊन. आणि ती कादंबरीला द्यायची."

"पण काढून तर ते टाकणारच आहेत," कादंबरी म्हणाली. "त्यांचं काय जातं?"

शरयूने टीव्हीवर पडलेलं गुळगुळीत माहितीपत्रक उचललं आणि मुखपृष्ठ सगळ्यांकडे केलं. "हे जातं."

बायका त्या रेघेकडे बघत राहिल्या. विष्णूकाका पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला. "सत्तावीस घरं काढताना हे घर ठेवलंय की काय त्यांनी?"

"घर काढलंय काका. आलेख ठेवलाय," शरयू म्हणाली.

त्यानंतर पत्रं लिहायला वेळ लागला नाही. फक्त यामिनीने पेन उचललं नाही. "नको यार," ती म्हणाली. "आमची ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. सरकारच्या कागदावर माझं नाव नको. सहा वर्षं थांबलोय आम्ही."

"सरकारची डबी चालते, पण नाव—" काकू सुरू झाल्या.

"काकू, राहू दे," शरयू म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीही विचार केला असता." यामिनी शेवटपर्यंत थांबली. पाकिटांवर पत्ते तिने लिहिले.

त्या दिवशी न आलेल्या घरांची धरून मंगळवारपर्यंत तीस पत्रं झाली. त्यांत नागरिक झालेल्या चौघींचीही होती.

बुधवारी पत्रं लिंडक्विस्टच्या टेबलावर होती. प्रूइट पुन्हा आले होते. विद्यापीठाच्या वकिलाने कलम सहा वाचून, काही करता येणार नाही असं सांगितलं होतं. तीस घरांच्या मोजमापांच्या सीडी करून द्याव्या लागणार होत्या.

"एकोणतीस जाऊ द्या," प्रूइट कादंबरीला म्हणाले. "घर क्रमांक सतरा राहू द्या. त्या बाईंनी एवढं एक पत्र मागे घेतलं, तर तुमचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत मी तुम्हाला अपवाद म्हणून प्रकल्पात प्रवेश मिळवून देईन. गेलेली धरून चाळीसही घरं वापरा. लेखी देतो."

लिंडक्विस्ट पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहत होते. "चांगली ऑफर आहे," ते म्हणाले. आणि ती होतीच. डिसेंबरमध्ये पदवी, त्यानंतर नोकरी, नोकरीबरोबर व्हिसा. नाही म्हटलं तर लिंडक्विस्ट आता दुसरा विषयही देणार नव्हते, म्हणजे मार्गदर्शक नाही, आणि मार्गदर्शकाशिवाय विद्यार्थी व्हिसा फार दिवस टिकत नाही.

"तुम्ही त्यांना समजावून सांगाल ना?" प्रूइट यांनी विचारलं.

आपण एक फोन केला तर काकू हो म्हणतील, हे कादंबरीला माहीत होतं. आपल्यासाठी म्हणून म्हणतील. दात ओठ खाऊन, पण म्हणतील.

"मी नाही विचारणार," ती म्हणाली. "घर त्यांचं आहे. तुम्हाला हवंय तर तुम्ही विचारा."

तिने नंबर लिहून दिला. प्रूइट यांनी स्पीकर लावून फोन केला आणि कार्यक्रमाचं महत्त्व, देशाची सुरक्षितता, श्रीमती केतकरांचं मोलाचं योगदान असं सगळं नीट मांडलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

काकू इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत बोलल्या. "सर, मला समजू द्या. आमचं घर तुम्हाला नको."

"नियम तसा आहे, मॅडम."

"माझा नवरा तुम्हाला नको."

"तसं नाही, मॅडम—"

"पण त्याचं हृदय हवंय. मुखपृष्ठावर."

प्रूइट दुसऱ्या मुद्द्यावर आले. "याने त्या विद्यार्थिनीचा फायदा होणार आहे, हे तुमच्या लक्षात आहे का?"

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग काकू मराठीत बोलल्या. "कादंबरी, तू तिथे आहेस का गं? हा माणूस म्हणतो ते खरं आहे? माझ्या पत्रावर तुझं अडलंय?"

"खरं आहे, काकू."

"मग सांग. मागे घेऊ?"

लिंडक्विस्ट आणि प्रूइट दोघे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना भाषा कळत नव्हती, प्रश्न कळला होता.

"नको," कादंबरी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की काकू. सत्तावीसही ठेवा म्हणावं, नाहीतर एकही नाही."

काकूंनी ते इंग्रजीत सांगितलं. प्रूइट म्हणाले, नियम बदलणं त्यांच्या हातात नाही. काकू म्हणाल्या, पत्र बदलणं आपल्याही हातात नाही, आणि फोन ठेवला.

सीडी मिळायला शुक्रवार उजाडला. मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज तिने त्याच दिवशी घेतला. नव्या मार्गदर्शकाची सही पंधरा तारखेपर्यंत हवी होती. सोमवारपासून तिने विभागातली दारं ठोठावायला सुरुवात केली. एका प्राध्यापकांना लिंडक्विस्टच्या वाकड्यात शिरायचं नव्हतं, आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. दुसरे सुट्टीवर होते. तिसऱ्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, वाईट वाटलं असं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी ती शेजारच्या इमारतीत, संख्याशास्त्राच्या विभागात गेली. तिथल्या प्रोफेसर ओकॉनर यांना ती एकदाच, एका सेमिनारमध्ये भेटली होती. बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. कादंबरीने सांगायला सुरुवात केली: घर क्रमांक सतरा, निधी, अटी, नियम. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"ते नंतर. किती घरं?"

"तीस."

"किती काळ?"

"चौदा महिने. दर पाच मिनिटांनी. खंड दोन टक्क्यांहून कमी."

"परवानगी?"

"प्रत्येकीची लेखी आहे."

बाईंनी खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला. "बस," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा सतरा नंबर दाखव."