मारुतराव सरांचा जबाब

सुलक्षणा राहू गावच्या अंगणवाडीत मदतनीस. वस्तीवरून गाव चार किलोमीटर, आणि गाडी मिळाली तर मिळाली. पस्तिसाव्या वर्षी ती सायकल शिकली ती मारुतराव सरांकडून. सर हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गावातल्या पाच-सहा बायकांना मैदानावर सायकल शिकवली आणि मग एकेकीला रस्त्यावर काढलं.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, डंपर, पुण्याकडच्या मोटारी. सुलक्षणा भिऊन डांबराच्या कडेला चिकटून चालवायची. सर मागून सांगायचे, "कडंपासून दोन हात आत राहा. मागच्याला तू दिसली पाहिजेस. दिसलीस तर तो वेग कमी करंल." वळताना मागं बघायचं, हात दाखवायचा, उभ्या मोटारीच्या दारापासून लांब राहायचं. ती हे सगळं पाळायची. नवरा म्हणायचा, "देवाचं पण एवढं ऐकत न्हाईस."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती आणि सर सायकलींवरून गावाकडं निघाले होते. ती पुढं, सर वीसेक पावलं मागं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. मागून एका पांढऱ्या मोटारीनं हॉर्न दिला आणि ट्रॅक्टर यायच्या आत पुढं निघायच्या घाईत ती सुलक्षणाला घासून गेली. आरसा कोपराला लागला. ती सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडली, उजवं मनगट मोडलं.

मोटार पुढं जाऊन थांबली. आतून स्वराज उतरला, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांचा मुलगा. सरांनीच सुलक्षणाला उचललं, उपरण्यानं हात गळ्यात बांधला, दवाखान्यात नेलं. "घाबरू नको," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

त्या शब्दावर तिनं तक्रार दिली. बापूसाहेबांशी वाकडं कशाला, असं नवरा म्हणत होता. ती म्हणाली, "सर हायेत की."

महिना संपता संपता हवालदारानं तिला चौकीत सरांचा जबाब वाचून दाखवला. 'सदर महिला रस्त्याच्या मध्यभागातून सायकल चालवीत होती. कडेने चालविण्याबाबत मी तिला अनेकदा समजावले होते. मोटारीचा वेग बेताचा होता.' तारीख वीस जानेवारी. तिनं पुन्हा वाचायला लावलं. हवालदारानं वाचलं आणि हळूच म्हणाला, "ताई, ट्रॅक्टरवाला काय सापडला न्हाई. साक्षीदार एवढा एकच हाय."

तिथून ती सरळ सरांकडं गेली. सर ओट्यावर पेपर वाचत होते.

"सर, त्या दिवशी मी कडंपासून किती आत होते?"

"बस. चहा सांगतो."

"किती आत होते?"

"दोन हात," ते म्हणाले. पेपर खाली आला नाही.

"मग मध्यभाग कसा झाला?"

"लिहिणारा लिहितो. पोलिसी भाषा असती ती."

"आन् कडेनं चालव म्हणून तुम्ही मला कवा सांगितलं?"

सरांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "सुलक्षणा, हात बरा होईल तुझा. तरणं पोरगं हाय ते."

"मोटारीचं मला एवढं लागलं न्हाई, सर. ती परक्याची होती."

ती चहा न घेता निघाली. प्रकरण तिथंच मिटलं. अंगणवाडीची बाई रस्त्याच्या मधून सायकल चालवते, हे मात्र गावभर झालं. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघींच्या सायकली घरच्यांनी विकून टाकल्या.

प्लास्टर काढलं त्या आठवड्यात सरांची सून तेजश्री पेढे घेऊन आली. सहा वर्षं ती संस्थेच्या शाळेत तात्पुरती शिकवत होती.

"कायम झाले, ताई. मामा म्हणाले, पहिला पेढा तुमच्याकडं न्यायचा."

पोरगी मनापासून खुशीत होती. तिला काही ठाऊक असेल असं तिच्या तोंडावरून वाटेना.

"ऑर्डर कवा निघाली?" सुलक्षणानं विचारलं.

"एकवीस जानेवारीला. हातात आत्ता पडली."

सुलक्षणानं डावा हात पुढं केला.

"उजवा अजून दुखतोय?"

"मूठ मिटत न्हाई."

तिनं तेजश्रीला पाणी दिलं, बोलत बोलत फाटकापर्यंत पोचवलं. पेढा आपल्या सासूच्या हातावर ठेवला.

दीड महिन्यानं तिनं सायकल बाहेर काढली. सरांच्या घरावरून जाणारा रस्ता जवळचा होता. ती लांबून गेली.